तहान लागण्याआधी विहीर

(उद्योगधंदा चालवणाऱ्याच्या अंगी कष्टाळूपणा हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. आणखी कोणता गुण हवा, हे न्यूझीलंडमधील एका फळाच्या गोष्टीवरून या भाषणात सांगितले आहे.)

मुलामुलींनो,

'तहान लागल्यावर विहीर खणणे' ही म्हण तुम्ही ऐकली आहे ना? घसा कोरडा पडल्यावर कुदळ हातात घेतली, तर पाणी कधी लागणार? विहीर आधीच खणून ठेवावी लागते. शेतीत ही गोष्ट आपल्याला लगेच पटते. व्यापार-उद्योगातही ती तितकीच खरी आहे.

धंद्याचा जो प्रमुख असतो, त्याच्याकडे अनेक माणसे आशेने पाहत असतात. त्याने कष्ट करावेत, सचोटीने वागावे, हे तर खरेच. पण आजचे काम करता करता त्याने उद्याचा आणि दहा वर्षांनंतरचाही विचार केला पाहिजे. याला आपण दूरदृष्टी म्हणतो. दूरवरचे पाहून आज काय करायचे आणि काय टाळायचे हे ठरवणे, याला म्हणतात धोरण. आज मी तुम्हांला एका फळाची गोष्ट सांगणार आहे. त्या गोष्टीतून धोरण म्हणजे काय, हे तुमच्या ध्यानात येईल.

फळांच्या दुकानात तुम्ही कीवी पाहिली असेल. चिकूसारखी तपकिरी, पण साल लवदार. कापली की आत हिरवागार गर आणि मधोमध काळ्या बियांचे वर्तुळ! आपल्या देशात हिमाचल प्रदेश, अरुणाचल प्रदेश अशा थंड डोंगराळ भागांत ती पिकते. पण कीवी म्हटले, की जगाला आठवतो तो न्यूझीलंड देश.

न्यूझीलंड हा देश ऑस्ट्रेलियाच्याही पलीकडे, समुद्राने वेढलेला आहे. त्याची लोकसंख्या ५० लाखांहून थोडी अधिक आहे. म्हणजे आपल्या एकट्या मुंबईत राहणारी माणसे त्याच्या दुपटीहून अधिक! गंमत म्हणजे कीवी हे फळ मूळचे तिथले नव्हेच. ते चीनमधले. चीनच्या डोंगरांत त्याचे वेल रानात वाढत. इझाबेल फ्रेझर या न्यूझीलंडच्या वांगानुई गावातील मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या चीनला गेल्या होत्या. १९०४ मध्ये परत येताना त्यांनी या फळाच्या बिया आणल्या. अलेक्झांडर ॲलिसन यांनी त्या बियांपासून वेल वाढवले. १९१० मध्ये वेलांना पहिली फळे धरली. तेथील लोक त्या फळाला 'चायनीज गूजबेरी' म्हणू लागले. पुढे हेवर्ड राइट या रोपवाटिकेच्या मालकांनी मोठ्या, चवदार फळांचा एक वाण तयार केला. त्याला आज 'हेवर्ड' याच नावाने ओळखतात.

टे पुके नावाच्या गावाभोवती या फळाच्या बागा वाढू लागल्या. मग प्रश्न उभा राहिला. एवढ्या लहान देशात एवढी फळे खाणार कोण? फळे परदेशी पाठवायला हवीत. १९५२ मध्ये ती इंग्लंडला गेली. पुढे अमेरिकेला पाठवायचे ठरले.

येथे नावाची अडचण आली. 'गूजबेरी' हे नाव अमेरिकेतील व्यापाऱ्याला पसंत पडले नाही. फळे पाठवणारी ऑकलंड शहरातील पेढी होती टर्नर्स अँड ग्रोअर्स. तिने 'मेलोनेट' म्हणजे छोटे खरबूज असे नाव सुचवले. नाव छान होते. पण अमेरिकेत परदेशी खरबुजांवर मोठा आयातकर होता. नाव खरबुजाचे, म्हणून करही खरबुजाचा लागला तर? फळ महाग होणार, मग ते घेणार कोण? म्हणून ते नाव मागे पडले. शेवटी १९५९ मध्ये याच पेढीच्या जॅक टर्नर यांनी सुचवले, 'कीवीफ्रूट'. कीवी हा न्यूझीलंडचा पक्षी. तो तपकिरी रंगाचा असतो आणि त्याला उडता येत नाही. तेथील माणसांनाही प्रेमाने 'कीवी' म्हणतात. उच्चारायला सोपे, ऐकताच देश आठवेल, असे हे नाव होते. ते जगभर पसरले.

मुलांनो, पाहा हं. नाव ठेवणे ही किती साधी गोष्ट! पण त्या लोकांनी 'आपल्याला नाव आवडते का?' एवढेच विचारले नाही. 'ऐकणाऱ्याला काय वाटेल? सरकार कर किती घेईल?' हेही विचारले. धोरणी माणूस एका प्रश्नावर थांबत नाही. 'मग पुढे काय?' असे तो पुन्हा पुन्हा विचारतो.

पण एक प्रश्न विचारायचा राहिलाच. हे नाव दुसऱ्यांनी वापरले तर?

आणि तसेच झाले. कीवीला चांगला भाव मिळतो, हे पाहून इटली, चिली, अमेरिका अशा देशांतही बागा उभ्या राहिल्या. तेथील फळेही 'कीवी' याच नावाने विकली जाऊ लागली. इकडे न्यूझीलंडमध्येही ज्याने त्याने कीवीचेच वेल लावले. कीवीचा वेल लावला म्हणजे लगेच फळ मिळत नाही. तीन-चार वर्षे वाट पाहावी लागते. लावताना भाव चढा होता. पण सगळ्यांच्या बागा धरल्या, तेव्हा बाजारात फळांचा पूर आला. त्यातच न्यूझीलंडचेच अनेक व्यापारी परदेशांत एकमेकांशी स्पर्धा करू लागले. एकाने भाव उतरवला, की दुसरा आणखी उतरवी. १९९० च्या आसपास बागायतदारांची स्थिती बिकट झाली. कित्येकांनी हाताने वाढवलेले वेल उपटून टाकले.

आता काय करायचे? 'माझी फळे विकली गेली, म्हणजे झाले' असे म्हणून चालणार नव्हते. काठ्यांच्या मोळीची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. एकेक काठी सहज मोडते, मोळी मोडत नाही. बहुतेक बागायतदारांच्या पाठिंब्याने १९८८ मध्ये एक मंडळ स्थापन झाले होते. सर्वांची कीवी या एका मंडळाने परदेशी विकावी, असे ठरले होते. पण एकत्र आल्याबरोबर सारे सुरळीत झाले नाही. वाईट वर्षे त्यानंतरही आलीच. तेव्हा धुरीणांनी आणखी पुढचा विचार केला. 'कीवी' हे नाव तर आता सगळ्यांचे झाले. मग आपले फळ ओळखू कसे यावे? १९९७ मध्ये त्यांनी 'झेस्प्री' हे नवेच नाव घेतले. या शब्दाला कोणत्याही भाषेत अर्थ नाही. तो मुद्दाम बनवलेला शब्द आहे. म्हणूनच तो दुसऱ्या कोणाला वापरता येत नाही. पहिल्या वेळी राहून गेलेला प्रश्न या वेळी आधीच विचारला गेला!

आज झेस्प्री या कंपनीची मालकी मुख्यतः बागायतदारांकडेच आहे. ऑस्ट्रेलिया वगळता इतर देशांत न्यूझीलंडची कीवी मुख्यत्वे तिच्याच मार्फत जाते. आपल्या महाराष्ट्रातही असा प्रयत्न झाला आहे. द्राक्षे परदेशी पाठवण्यासाठी येथील द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था १९९१ मध्ये एकत्र आल्या आणि त्यांनी 'महाग्रेप्स' ही संस्था उभारली. द्राक्षे नाजूक. ती तोडल्याबरोबर थंड करावी लागतात. एकट्या शेतकऱ्याला हे कसे परवडणार? एकत्र आल्यावर ते जमले.

झेस्प्रीच्या धुरीणांनी आणखी एक गोष्ट हेरली. न्यूझीलंड पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात आहे. तेथील ऋतू आपल्या उलट असतात. आपल्याकडे उन्हाळा तापू लागतो, तेव्हा तिकडे कीवीची तोडणी चालू होते. पण दुकानात गिऱ्हाईक बारा महिने येते. फळ दिसले नाही, तर ते दुसरे फळ घेते आणि कीवीला विसरून जाते. म्हणून उत्तर गोलार्धातील इटली, फ्रान्स, जपान अशा देशांतील शेतकऱ्यांकडूनही झेस्प्रीने कीवी पिकवून घ्यायला सुरुवात केली. जी माणसे आपल्याशी स्पर्धा करू शकली असती, त्यांतल्या काहींना तिने सोबतीला घेतले.

आता या गोष्टीतील सर्वांत कठीण प्रसंग ऐका.

न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी केवळ हिरव्या कीवीवर समाधान मानले नव्हते. चीनमधून आणलेल्या बियांपासून ते वर्षानुवर्षे नवे वाण तयार करत होते. त्यांतून पिवळ्या गराची, गोड कीवी तयार झाली. २००० सालच्या सुमारास ती बाजारात आली. लोकांना ती फार आवडली. तिला भावही जास्त मिळे. कोणी म्हणाले असते, 'झाले आता! संशोधनावर पैसे कशाला घालवायचे?' पण काम थांबले नाही. प्रयोगाच्या बागांत आणखी वाण तपासले जात होते. त्यांतला एक वाण होता 'गोल्ड थ्री'. २०१० मध्ये तो काही बागायतदारांना लावण्यासाठी देण्यात आला.

त्याच वर्षी, नोव्हेंबर महिन्यात, टे पुकेच्या एका बागेत रोग दिसला. पानांवर डाग पडले. कोंब सुकू लागले. खोडांतून तांबूस द्रव पाझरू लागला. एका घातक जीवाणूने वेलांना ग्रासले होते. त्या रोगाला 'पीएसए' म्हणतात. तो वाऱ्यापावसाबरोबर पसरे. माणसांच्या हत्यारांबरोबरही पसरे. सर्वांत जास्त बळी पडली ती लोकांची लाडकी पिवळी कीवी. बागांमागून बागा तोडून जाळाव्या लागल्या. ज्यांनी कर्ज काढून बागा लावल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांपुढे अंधार पसरला.

अशा वेळी पुढाऱ्याची परीक्षा असते. सरकार आणि बागायतदार यांनी मिळून पैसा उभा केला. रोगावर लक्ष ठेवण्यासाठी वेगळी संस्था काढली. कोणत्या बागेत कोणी जायचे, हत्यारे कशी धुवायची, याचे नियम झाले. पण मुख्य प्रश्न उरलाच. आता लावायचे काय?

तेव्हा उपयोगी पडला तो 'गोल्ड थ्री'. त्यालाही रोग होई. पण तो पहिल्या पिवळ्या वाणापेक्षा बराच तग धरी. तरीही निर्णय सोपा नव्हता. हा वाण नवा होता. तो टिकला नाही, तर दुसऱ्यांदा नुकसान होणार होते. काहीच न करणे मात्र त्याहून धोक्याचे होते. बागायतदारांनी छातीवर दगड ठेवून जुने वेल बुंध्यापासून छाटले आणि त्यांवर नव्या वाणाची कलमे बांधली. मुळे जुनीच असल्यामुळे नव्या फांद्या जोमाने वाढल्या. काही वर्षांत बागा पुन्हा फळांनी भरल्या. आज तीच कीवी 'सनगोल्ड' या नावाने जगभर विकली जाते.

मुलांनो, येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पीएसए येणार हे शास्त्रज्ञांना किंवा बागायतदारांना आधी ठाऊक होते का? नाही. दूरदृष्टी म्हणजे भविष्य सांगणे नव्हे. विहीर खणणाऱ्याला पाऊस कोणत्या वर्षी दडी मारणार, हे ठाऊक नसते. कधी ना कधी तो दडी मारील, एवढेच त्याला ठाऊक असते. म्हणून तो चांगल्या दिवसांत विहीर खणतो. एकाच वाणावर सारी भिस्त ठेवू नये, हे या लोकांनी चांगल्या दिवसांतच ओळखले होते. म्हणून वाईट दिवसांत त्यांच्या हाती काहीतरी होते.

तुम्ही म्हणाल, 'हे तर मोठ्या माणसांचे काम! आमचा काय संबंध?' संबंध आहे, बरे का! तुमच्या शाळेत बाल आनंद मेळावा भरतो. समजा, तुमच्या गटाने भेळ विकायचे ठरवले आणि तुम्ही गटप्रमुख आहात. मुरमुरे किती आणायचे? शेजारच्या गटानेही भेळच केली तर? अचानक पाऊस आला तर? गटातला एखादा मुलगा आजारी पडला तर? सगळी भेळ पहिल्या तासातच संपली तर? हे प्रश्न मेळाव्याच्या आदल्या दिवशी विचारले, तर ते धोरण. मेळावा सुरू झाल्यावर विचारले, तर ती नुसती धावपळ!

आणखी एक लक्षात ठेवा. प्रमुखाने एकट्यानेच सारे ठरवायचे नसते. कीवीच्या गोष्टीत बिया आणणारी शिक्षिका आहे, वाण तयार करणारे माळी आणि शास्त्रज्ञ आहेत, व्यापारी आहेत, छातीवर दगड ठेवून वेल छाटणारे शेतकरी आहेत. चांगला प्रमुख सर्वांचे ऐकतो, मग ठरवतो आणि ठरवलेल्याची जबाबदारी स्वतः घेतो.

तुमच्यापैकी कोणी उद्या दुकान चालवील, कोणी शेती करील, कोणी कारखाना काढील. मोठा पैसा, मोठी जागा सर्वांनाच मिळेल असे नाही. पण 'मग पुढे काय?' हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. तो विचारण्याची सवय आजपासूनच लावून घ्या, एवढेच मला सांगायचे आहे. नमस्कार!

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कीवीच्या बिया न्यूझीलंडला कोणी आणल्या?
(आ) 'मेलोनेट' हे नाव मागे का पडले?
(इ) पीएसए हा रोग कोणत्या वर्षी दिसला?

२. कारणे सांगा.
(अ) झेस्प्रीने इतर देशांतही कीवी पिकवून घेतली.
(आ) बागायतदारांनी जुने वेल छाटले.

३. 'दूरदृष्टी म्हणजे भविष्य सांगणे नव्हे' हे तुमच्या शब्दांत समजावून सांगा.

४. तुमच्या गावातील एखाद्या दुकानदाराला किंवा शेतकऱ्याला भेटा. पुढच्या हंगामाची तयारी ते कशी करतात, ते विचारा आणि पाच ओळी लिहा.