रागीट मांजर अन् रांगतं लेकरू

(गिरड येथे बचत गटांच्या मासिक सभेत पशुसखी ताईंनी केलेले भाषण. त्यांच्याच शब्दांत देत आहोत.)



शेळ्या-कोंबड्यांवर आपण नेहमीच बोलतो. आजचं जनावर लहान आहे, पण त्याच्यापायी घरात भांडणं होऊन राहिली. दोन-तीन जणींनी मला एकच विचारलं, "ताई, मांजर लेकराले बोचकारते. बोऱ्यात भरून टेकडीकडं सोडून देऊ का?"

बायांनो, घाई करू नका. आधी हिशेब करू, गटात करतो तसा. मांजर आपण लाडासाठी नाही पाळली. घरात सोयाबीन, तूर, चण्याची पोती असतात, म्हणून पाळली. मांजर गेली की उंदीर वाढले. उंदीर वाढले की त्यांच्यामागं साप आला. मग कोणी तरी दुकानातून उंदराचं औषध आणते अन् पोत्याआड ठेवते. घरात लेकरू रांगते, जे दिसलं ते तोंडात घालते. आता सांगा, बोचकारणारी मांजर मोठी का ते औषध? मांजर मारली तर काशीले सोन्याची मांजर दान करावी लागते, असं आपल्या म्हाताऱ्या सांगत. त्यात शहाणपण होतं.

पण लेकराचा जीव पहिला. त्यात दुमत नाही. म्हणून दोघांची सोय लावायची.

मांजर चिडते काहून? बहुतेक वेळा भीतीनं. लेकरू शेपूट ओढते, अंगावर पडते, मोठ्यानं ओरडते. पळायला जागा नसली की ती पंजा मारते. म्हणून तिले उंच जागा द्या. माळ्यावर किंवा फळीवर एक जुनं पोतं टाका. तिचं खाणं-पाणी लेकरू रांगते तिथं ठेवू नका. खाताना तिले कोणी हात लावायचा नाही.

मांजर आधी इशारा देते. कान मागं दाबते, शेपटी जोरात हलवते, अंग फुगवते, गुरगुरते. हे दिसलं की लेकराले उचला, मांजरीले नाही. अन् तिले झाडूनं मारू नका. लेकरू जवळ आलं की मार बसतो, एवढंच तिच्या डोक्यात राहते. मग ती लेकराचा अजून राग करते. उलट लेकरू जवळ शांत बसलं असेल तेव्हा तिच्यापुढं सुकटीचा तुकडा टाका.

लहान लेकरू अन् मांजर यांना एकटं सोडायचं नाही. पाळण्यात, झोळीत लेकरू झोपलं असेल तर मांजर आत जाणार नाही असं दार लावा. तीन-चार वर्षांचं लेकरू झालं की शिकवा: मांजर आपणहून जवळ आली तरच हात लावायचा. उघड्या हातानं पाठीवरून दोन-तीनदा कुरवाळायचं अन् थांबायचं. शेपूट, पोट धरायचं नाही. पिल्लं असलेल्या मांजरीजवळ तर जायचंच नाही.

गरीब मांजर एकाएकी चिडखोर झाली, तर तिले काही दुखत असेल. दात, कान, जखम पाहून घ्यायला जनावरांच्या दवाखान्यात न्या. आपल्या घरची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, मांजरीले अर्धीसुद्धा देऊ नका. त्या गोळीनं मांजर मरते. दवाखान्यात गेल्यावर रेबीजच्या लसीचं अन् नसबंदीचंही विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिसाळण्याचा रोग फक्त कुत्र्यापासून होते असं आपल्याला वाटते. मांजरीपासूनही होते. रोग एकदा उमटला की माणूस वाचत नाही म्हणून समजा. पण वेळेवर लस घेतली तर टळतो. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या पोराला ही लस दिली अन् तो पोरगा वाचला. त्यांच्या स्मृतिदिनी, २८ सप्टेंबरला, जगभर रेबीज दिन पाळतात.

मांजर चावली किंवा बोचकारली तर हे करा:

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा.

२. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. झाडफुकीत वेळ घालवू नका.

३. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा समुद्रपूरच्या ग्रामीण रुग्णालयात जा. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट आहे. नुसतं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन परत येऊ नका.

४. कातडीत देतात ती लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या अन् २८ व्या दिवशी असते. दवाखान्यात ज्या तारखा लिहून देतील त्या चुकवू नका. रक्त निघालं असेल तर जखमेतही वेगळं इंजेक्शन लागते, डॉक्टरांना विचारा.

५. मांजरीवर १० दिवस नजर ठेवा. पण तेवढे दिवस वाट पाहत बसू नका, लस लगेच सुरू करा. मांजर विनाकारण अंगावर धावते, लाळ गाळते, अंधारात दडून बसते असं दिसलं, तर जवळ जाऊ नका, दवाखान्याला कळवा.

अजून एक. घरात गरोदर सून असेल तर मांजरीची घाण तिला काढू देऊ नका. त्यातून पोटातल्या बाळाला धोका पोहोचू शकते. ते काम दुसऱ्यानं करावं अन् हात साबणानं धुवावे.

शेवटचं सांगते. लेकराच्या अंगावर ओरखडा दिसला की सासू सुनेवर ओरडते अन् सून मांजरीवर. म्हणून लेकरू ओरखडा लपवते. त्याले रागावू नका. "काय लागलं, दाखव बाळा," एवढंच म्हणा. लपवलेला ओरखडा दिसलेल्या जखमेपेक्षा जास्त घातक आहे.

पुढच्या सभेत प्रत्येक गटानं सांगायचं, आपल्या गटात किती घरी मांजर आहे अन् किती घरी पाच वर्षांखालचं लेकरू. ती यादी आपण आशाताईंना देऊ.