लोम्बार्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची जागा



अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात, सहाव्या रस्त्याच्या आणि लोम्बार्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक दगडी चर्च आहे. त्याचं नाव मदर बेथेल. आजची इमारत १८९० च्या सुमाराची, या जागेवरची चौथी. पण खालची जमीन १७९१ पासून कृष्णवर्णीयांच्याच मालकीची आहे. मला इमारतीपेक्षा या जमिनीचंच अप्रूप वाटतं.

ती घेतली रिचर्ड ॲलन यांनी. ते जन्माने गुलाम. पैपै साठवून मालकाकडून स्वतःला सोडवून घेतलेले. गोऱ्यांच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये त्यांना प्रवचनाची मुभा होती, तीही पहाटे पाचला. तिथे एकदा भर प्रार्थनेत त्यांचे सोबती ॲब्सलम जोन्स यांना गुडघ्यांवरून ओढून उठवलं गेलं. बसायची जागा चुकली म्हणून! प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढंच ते म्हणत होते. मग सगळे कृष्णवर्णीय उठले आणि बाहेर पडले.

आता जमीन होती, वर छप्पर नव्हतं. ॲलन यांनी लोहाराचं एक जुनं दुकान विकत घेतलं आणि घोडे जुंपून ते अख्खं या कोपऱ्यावर ओढत आणलं. १७९४ साली त्यात पहिलं चर्च सुरू झालं. तरी कागदोपत्री हक्क गोरे धर्माधिकारी सांगतच राहिले. १८१५ साली चर्चचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर बोली लावून ॲलन यांनी आपलीच वास्तू पुन्हा विकत घेतली. पुढच्या वर्षी त्यांचा स्वतंत्र पंथ उभा राहिला.

जानेवारी १८१७. मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसवायची योजना तेव्हा गाजत होती. ॲलन आणि शहरातले धनिक व्यावसायिक जेम्स फॉर्टन यांना ती काहीशी पटलीही होती. बेथेलमध्ये सभा भरली, सुमारे तीन हजार माणसं आली. बाजूने कोण, असं विचारल्यावर चिटपाखरूही बोललं नाही. विरोधात कोण म्हटल्यावर मात्र असा गजर उठला, की पुढाऱ्यांनी आपलं मत तिथेच गिळलं. वस्तीने आपल्या वडीलधाऱ्यांना गप्प करायचं, तर त्यालाही हक्काची चार भिंतींची जागा लागते.

पुढच्या काळात चर्चपासून एका चौकावर शहराचा सातवा वॉर्ड, कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती, सुरू व्हायचा. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी तिथे घरोघरी फिरून केलेला अभ्यास १८९९ साली पुस्तकरूपाने आला. कृष्णवर्णीयांचं चर्च म्हणजे वस्तीचं वर्तमानपत्र, सहलीचा संयोजक आणि नव्याने आलेल्याची ओळख करून देणारा शेजारी, असं त्यांना दिसलं. देवाचं काम त्यातलं एक.

आता आसपासची ती वस्ती बरीचशी पांगली आहे. घरांचे भाव चढले, पुष्कळ कुटुंबं दूर गेली. रविवारी मंडळी लांबून येतात. तळघरात ॲलन आणि त्यांच्या पत्नी सारा यांची समाधी आहे, त्याच जमिनीत.