अनुभवाच्या हाती नवे साधन

(अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर परिसरातील शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



पंचवीस-तीस वर्षे अध्यापन केलेला शिक्षक प्रथमच संगणकाच्या पडद्यासमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात एक संकोच असतो. ज्या वर्गात आजवर आपला शब्द प्रमाण मानला गेला, त्याच वर्गात सातवीतला मुलगा पुढे येतो आणि ''सर, ती वायर दुसरीकडे लावायची'' असे सांगतो. हा संकोच खरा आहे आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु त्या संकोचापोटी जाणता शिक्षक बाजूला सरला, तर पडद्यावर काय दिसावे हे कोण ठरवणार? मग ते दूरच्या एखाद्या कंपनीच्या कार्यालयात, आपली मुले कधीही न पाहिलेली माणसे ठरवतील. मला चिंता वाटते ती याची.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हा प्रश्न ऐच्छिक राहिला नाही. आपल्या या पट्ट्यातील कितीतरी घरांत मोबाईल एकच. टाळेबंदी सैल झाल्यावर तोही कामावर जाणाऱ्या वडिलांबरोबर घराबाहेर पडू लागला. अशा घरातील मुलाने सकाळी अकराच्या तासाला हजर राहायचे तरी कसे? जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारित 'टिलीमिली' मालिका सुरू झाली, तिचा आधार अनेकांना झाला. पण कोणत्या घरात दूरदर्शन संच आहे, कोणाचे वडील रात्री आठला परततात, कोणते मूल बोलावल्याशिवाय पुढे येत नाही, हे कोणत्याही यंत्राला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते वर्षानुवर्षे त्याच वस्तीत शिकवणाऱ्या शिक्षकाला. साधन तरुणांना लवकर वश झाले असेल. ते कोणासाठी आणि केव्हा वापरायचे, याची जाण मात्र अनुभवापाशीच होती.

प्रौढ वयात नवे शिकण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२चा. गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी भावनगरला बालशिक्षणाचे कार्य केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. एवढी कीर्ती गाठीशी असताना १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी आल्या आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. सोबतीला अनुताई वाघ होत्या. मॉन्टेसरी पद्धत त्या काळचे नवे शैक्षणिक तंत्रच होते, पण तिची साधने महागडी. खेड्यातील बालवाडीला ती कोठून परवडणार? या दोघींनी पद्धतीचे मर्म घेतले आणि साधने मात्र बिया, शंख-शिंपले, खडे, पाने-फुले यांतून घडवली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यातून आलेला 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर रूढ आहे. दत्तोपंत ठेंगडी आधुनिकीकरण आणि पाश्चात्त्यीकरण या दोहोंत भेद करण्याचा आग्रह धरीत. तो भेद प्रत्यक्ष वर्गात कसा करायचा, हे बोर्डी-कोसबाडने दाखवून दिले.

अलीकडची उदाहरणेही दूरची नाहीत. आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने डिजिटल वर्ग उभा केला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांचे नाव क्यूआर कोडशी जोडले गेले. परंतु मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे त्यांनी आधी ओळखले, ती भाषा समजून घेतली आणि पाठ्यपुस्तकातील धडे मुलांच्या भाषेत नेले. कोड छापणे सोपे होते. मूल कोठे अडते हे ओळखणे कठीण होते.

मूल कोठे अडते हे ओळखण्यात तुमची हयात गेली आहे. म्हणून पहिले सूत्र असे : जे पायी जाऊन पाहता येते, ते पडद्यावर दाखवू नये. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२चे, म्हणजे इ. स. १०६०चे. शिलाहार राजा मांवाणीच्या काळातील हे भूमिज शैलीचे मंदिर आपल्या मुलांपासून किती दूर आहे? मुलांना तेथे न्यावे, पायऱ्या उतरून गर्भगृहात जाऊ द्यावे, वालधुनीचा काठ दाखवावा. तेथे मोबाईलने भिंतींवरील मूर्तींची छायाचित्रे घ्यावीत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ती पडद्यावर मोठी करून, जे उंचावर असल्याने डोळ्यांना दिसले नव्हते ते दाखवावे. हृदयाचे ठोके, ग्रहणाची सावली, बीजातून फुटणारा कोंब यांसाठी चित्रफीत जरूर लावावी. पण मध्येच थांबवून ''आता पुढे काय होईल?'' असे विचारावे. त्या थांबण्यात शिक्षक आहे.

दुसरे सूत्र मातृभाषेचे. अनेक ज्येष्ठ शिक्षक संगणकापासून दूर राहतात ते मराठी टंकलेखनाच्या धास्तीने. त्यांना मी भारतातच विकसित झालेल्या इनस्क्रिप्ट कळफलकाकडे पाहण्यास सांगतो. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. 'क' ज्या कळीवर, शिफ्ट दाबून 'ख' त्याच कळीवर. 'ग'-'घ', 'त'-'थ', 'प'-'फ' यांचेही तसेच. अल्पप्राण आणि महाप्राण यांची ही जोडी आपण पहिलीपासून शिकवत आलो. आपल्या ध्वनिशास्त्रज्ञ पूर्वजांनी लावलेली वर्णमालेची व्यवस्था त्या यंत्रातही टिकून आहे. ज्याने तीस वर्षे बाराखडी शिकवली, त्याच्याइतका या कळफलकाचा अधिकारी दुसरा कोण? रोज अर्धा तास सराव केला तर थोड्याच आठवड्यांत बोटे आपोआप वळू लागतात. मग स्वतःची प्रश्नपत्रिका, स्वतःचे पाठटिपण मराठीत तयार होते आणि इंग्रजीतील आयत्या साहित्यावर विसंबावे लागत नाही.

तिसरे सूत्र नम्रतेचे. अवधूत दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले. त्यांत मधमाशी होती, अजगर होता, लहान बालकही होते. त्यामुळे दत्तात्रेयांचे गुरुपद उणावले नाही. शाळेतील ज्येष्ठ आणि नवीन शिक्षक यांच्या जोड्या लावा. नव्याने जुन्याला पडदा जोडायला शिकवावे, जुन्याने नव्याला गोंधळलेला वर्ग कसा सावरायचा ते शिकवावे. यात कोणीही उपकृत नाही. दोघेही विद्यार्थी, दोघेही गुरू.

आता एक परखड गोष्ट. तंत्रज्ञानाच्या नावाखाली शिक्षकांच्या पाठीवर जे ओझे आले, त्याबद्दल बोलले पाहिजे. २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आली, त्यानंतर नाना अॅप आली. माहिती भरण्यात जाणारा वेळ मुलांच्या वाट्यातून जातो. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ते तास केवळ चित्रफीत लावून ठेवण्यात आणि प्रमाणपत्र उतरवून घेण्यात संपले, तर धोरणाचा हेतू विफल होईल. प्रशिक्षण शिक्षकाच्या स्वतःच्या विषयाचे, स्वतःच्या भाषेत आणि हाताला धरून शिकवणारे हवे. पुण्यातील 'बालचित्रवाणी' १९८४ साली मोठ्या अपेक्षेने सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. यंत्रणा उभी राहते आणि विरते. वर्गात अखेरपर्यंत उभा राहतो तो शिक्षक. यंत्रणेइतकीच गुंतवणूक त्याच्यात झाली पाहिजे.

यात समाजाचेही कर्तव्य आहे. शाळेला संगणक भेट देऊन छायाचित्र काढणारे दाते पुष्कळ आहेत. संगणक बिघडल्यावर रविवारी येऊन दुरुस्त करणारा, ज्येष्ठ शिक्षकाशेजारी बसून धीराने शिकवणारा कार्यकर्ता अधिक मोलाचा आहे. आपल्या नगरांतून रोज सकाळी लोकलने जाणारे कितीतरी तरुण संगणक क्षेत्रात नोकरी करतात. त्यांनी महिन्यातून दोन रविवार आपल्या जुन्या शाळेला दिले तरी चित्र पालटेल.

शेवटी हे ज्या भूमीवर बोलतो आहे तिचे स्मरण करतो. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेले बांधव कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरले. १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांतील अनेकांचे अर्धे आयुष्य मागे पडले होते, तरीही त्यांनी नवी भाषा, नवा व्यवसाय, नवे जीवन आत्मसात केले आणि आपला धर्म व संस्कार सोडले नाहीत. त्यांच्या तुलनेत आपल्यापुढचे आव्हान किती लहान आहे! निवृत्तीला पाच वर्षे उरली असतील, तर त्या पाच वर्षांत पाच तुकड्या तुमच्या हाताखालून जाणार आहेत. तुमच्या उत्तमातील उत्तम पाठाचे ध्वनिमुद्रण, तुमच्या हातचे एक पाठटिपण मागे राहिले, तर तुमच्यानंतर येणाऱ्या शिक्षकाला रिकाम्या फळ्यापासून आरंभ करावा लागणार नाही. तेवढे ऋण आपण या विद्यापरंपरेचे लागतो. ते फेडण्यास आजच आरंभ करावा, ही विनंती.