रुग्णाची खाट आणि परीक्षेचे पुस्तक

वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात सकाळी नवाच्या सुमारास डोकावून पाहावे. राउंड चाललेला असतो. खाटांच्या दोन रांगांमधून पांढऱ्या कोटांचा घोळका हळूहळू पुढे सरकत असतो. पुढे प्राध्यापक, त्यांच्या मागे निवासी डॉक्टर, केसपेपर घेतलेल्या सिस्टर आणि सर्वांच्या मागे विद्यार्थी. पुढचे विद्यार्थी माना उंचावून ऐकत असतात. अगदी मागचा एखादा मात्र भिंतीला टेकून, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने मोबाइलवर वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवीत असतो. रुग्णाच्या पोटावर हात ठेवून प्राध्यापक वाढलेली प्लीहा कशी चाचपावी ते दाखवीत असतात, आणि त्याच क्षणी हा विद्यार्थी प्लीहा वाढण्याच्या कारणांच्या चार पर्यायांपैकी एकावर बोट टेकवीत असतो! विषय दोघांचा एकच. अंतर फार तर दहा फुटांचे.

त्या विद्यार्थ्यास कामचुकार म्हणणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे होणार नाही. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यापुढे एका वर्षाची आंतरवासिता असा त्याचा मार्ग आखलेला आहे. सकाळचे तास वॉर्डात किंवा ओपीडीत, दुपारी व्याख्याने, मधूनमधून रात्रीची पाळी. व्याख्यानांना पंचाहत्तर टक्के आणि प्रात्यक्षिकांना ऐंशी टक्के हजेरी भरली नाही, तर विद्यापीठाच्या परीक्षेस बसता येत नाही. ती परीक्षा पार पडते न पडते तोच पदव्युत्तर प्रवेशाची ‘नीट-पीजी’ समोर उभी राहते. साडेतीन तासांत २०० प्रश्न. बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे एक गुण वजा. त्या साडेतीन तासांत कोणाच्या नाडीवर बोट ठेवावे लागत नाही. मग ज्या गोष्टीस गुण आहेत ती सोडून ज्या गोष्टीस नाहीत तीमध्ये वेळ का घालवावा, असा हिशेब विशीतल्या मुलाने केला तर नवल ते काय? याच हिशेबाने आंतरवासितेचे वर्षही पुष्कळदा ग्रंथालयात संपते. टाके घालावयास, सलाईन लावावयास, अडलेल्या बाळंतिणीपाशी उभे राहावयास म्हणून जे वर्ष राखून ठेवले, त्यातील ड्यूट्या मित्राशी अदलाबदल करून चुकविल्या जातात. या हिशेबात नुकसान कोणाचे होते हे त्या वर्षी दिसत नाही. ते पुढे एखाद्या तालुक्याच्या गावी, मध्यरात्री, ज्येष्ठ डॉक्टर जवळ नसताना दिसते.

हा हिशेब नैतिक दृष्टीने कसा आहे हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. केवळ परीक्षेच्या दृष्टीने तरी तो बरोबर आहे काय?

एक जुना दाखला पाहण्याजोगा आहे. विल्यम ऑस्लर यांचे वैद्यकशास्त्रावरील पाठ्यपुस्तक १८९२ साली प्रसिद्ध झाले आणि इंग्रजी जाणणाऱ्या जगात कित्येक पिढ्यांनी ते अभ्यासिले. पुस्तकी अभ्यासाची बाजू घेण्याचा अधिकार कोणास असेल तर तो याच गृहस्थास होता. परंतु पुढच्याच वर्षी, १८९३ साली, अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालय उघडले, तेव्हा ऑस्लर यांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस व्याख्यानगृहातून उठवून वॉर्डात नेले. प्रत्येकाकडे काही रुग्ण सोपविले. त्यांची हकीकत लिहून घेणे, तपासणी करणे, रोजची नोंद ठेवणे हे त्यांचे काम ठरले. इंग्लंडात ही रीत आधीपासून होती, ऑस्लर यांनी ती अमेरिकेत रुजविली. ज्याने पुस्तक लिहिले त्यानेच पुस्तकाची जागा रुग्णाच्या खाटेशेजारी आहे, तिच्याऐवजी नव्हे, असे ठरविले. आपल्याकडील जुन्या संस्थाही याच समजुतीवर उभ्या आहेत. १८४२ची पणजीची वैद्यकीय शाळा घ्या, १८४५चे मुंबईचे ग्रँट महाविद्यालय घ्या, की १८४६ची हैदराबादची शाळा घ्या. आणि त्यानंतर शंभर वर्षांनी निघालेली ग्वाल्हेर, इंदूर व बडोद्याची महाविद्यालये घ्या. यांपैकी प्रत्येकीच्या शेजारी रुग्णालयाची इमारत आहेच, आणि ती शोभेसाठी नाही.

आता स्मरणाविषयी. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखविले की पाठ केलेला निरर्थक मजकूर प्रथम झपाट्याने आणि मग हळूहळू विसरला जातो. परीक्षेआधीच्या रात्री घोकलेल्या याद्यांचे काय होते हे प्रत्येक विद्यार्थी अनुभवाने जाणतोच. याहून उद्बोधक प्रयोग अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने दिलेला उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि पुस्तक मिटून तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना सुमारे ८३ टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. एका आठवड्याने मात्र पारडे फिरले. वाचणाऱ्यांपाशी ४० टक्के उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांपाशी ६१ टक्के. पानावर पुनःपुन्हा नजर फिरविल्याने आपल्याला येते असे वाटते, आणि त्या वाटण्यानेच माणूस फसतो.

वॉर्डात दुसरे काय घडते? निवासी डॉक्टर अचानक मागे वळून विचारतात, ‘या रुग्णास कावीळ का झाली असेल? तीन कारणे सांगा.’ पुस्तक जवळ नसते. विद्यार्थी चाचरतो, एक कारण सांगतो, दुसरे चुकते, तिसरे शेजारची मुलगी सांगते. तो खजील होतो; परंतु चुकलेले ते दुसरे कारण त्याच्या मनातून सहसा जात नाही. घरी एकट्याने करावयाची कसोटी येथे आपोआप होत असते, आणि तीही रोज, विनामूल्य. प्रश्नसंचांना नावे ठेवण्याचे म्हणूनच कारण नाही. उत्तर झाकून प्रश्न सोडविणे हीही आठवण्याचीच मेहनत आहे. मात्र उत्तराचा रकाना उघडा ठेवून प्रश्न वाचीत जाणे हे कादंबरी शेवटच्या पानापासून वाचण्यासारखे आहे.

ज्या विद्यार्थ्यांस दोन्ही साधतात त्यांची रीत साधी असते. सकाळी एकच रुग्ण नीट पाहावयाचा. दुपारी जेवणाआधी त्याच्याविषयी जे ठाऊक आहे ते पुस्तक न उघडता वहीच्या अर्ध्या पानावर लिहावयाचे. रात्री तेवढाच विषय पाठ्यपुस्तकात वाचून वहीतील चुका दुरुस्त करावयाच्या, आणि झोपण्यापूर्वी त्यावरचे दहा-पंधरा प्रश्न सोडवावयाचे. झोप मात्र कापावयाची नाही; दिवसा शिकलेले पक्के होण्यास तिची गरज असते. दुसऱ्या दिवशी त्याच खाटेपाशी जाऊन काल न विचारलेला प्रश्न रुग्णास विचारावयाचा. वॉर्डात सर्व रोग भेटत नाहीत हे खरे. ज्याची पोस्टिंग पावसाळ्यात येते त्यास डेंग्यू आणि हिवताप भरपूर दिसतात. दुर्मिळ विकार मात्र पुस्तकातच गाठावे लागतात. परंतु पुस्तकातील रोगांस बसावयास मनात जागा लागते, आणि ती जागा पाहिलेले रुग्ण करून देतात.

शिवाय वॉर्डात एक असा विषय शिकावा लागतो की ज्याचे पुस्तक विद्यार्थ्याच्या पिशवीत नसते. पाठ्यपुस्तक इंग्रजीत असते. रुग्ण इंग्रजीत आजारी पडत नाही. वेदनेचे स्वरूप विचारा, असे पुस्तक सांगते. मराठी बाई सांगते की कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, मुरडा येतो, आग होते. यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या रोगाकडे बोट दाखवीत असतो. ‘चक्कर येते’ एवढ्यावर थांबलेला विद्यार्थी फसतो. ‘घर फिरल्यासारखे वाटते, की डोळ्यांपुढे अंधारी येते?’ असे जो विचारतो त्यास कळते की पहिल्या उत्तराचा रोख बहुधा कानाच्या आतील भागाकडे आहे आणि दुसऱ्याचा मेंदूस रक्त कमी पडण्याकडे. बेळगावच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरील आजोबा कानडीत ‘तले सुत्तु’ म्हणतात. डोके फिरते, एवढाच त्याचा अर्थ, आणि पुढचा प्रश्न येथेही विचारावाच लागतो. बडोद्यात रुग्ण ‘गभरामण’ होते असे सांगतो, आणि ती भीती आहे की हृदयविकाराची सुरुवात, हे तपासल्यावाचून समजत नाही. हैदराबादेस तेलुगू रुग्ण धाप लागण्यास ‘आयासम्’ म्हणतो. सायास आणि अनायास हे शब्द बोलणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास तो एकदा ऐकला की पुरे! प्रवेशपरीक्षेत या शब्दांवर प्रश्न येत नाही हे खरे, पण तेथील पुष्कळ प्रश्न ‘एक पंचेचाळीस वर्षांची स्त्री’ अशा हकीकतीनेच सुरू होतात. जिने अशा पन्नास स्त्रियांची हकीकत त्यांच्याच बोलीत ऐकली आहे, त्या विद्यार्थिनीस कागदावरील एक्कावन्नावी स्त्री अनोळखी वाटत नाही.

आणि विद्यापीठाच्या प्रात्यक्षिकात तर खाटच परीक्षा घेते. ‘लाँग केस’ म्हणून एक रुग्ण वाट्याला येतो. ठरलेल्या वेळात हकीकत, तपासणी, निदान. मग परीक्षक येतात. मायट्रल झडप अरुंद झालेली स्त्री ही या परीक्षेतील जुनीच पाहुणी. लहानपणी घसा सुजल्यानंतर आलेल्या रुमॅटिक तापाचा हा मागाहून वसूल होणारा कर. या झडपेची मर्मर अतिशय हलकी आणि खालच्या स्वराची असते. पुस्तकात तिचे वर्णन चार ओळींत येते आणि चारही ओळी पाठ असून कानास काहीच ऐकू येत नाही, असा अनुभव अनेकांस येतो. रुग्णास डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडून क्षणभर रोखावयास सांगून, स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू हृदयाच्या टोकावर हलकेच टेकविली म्हणजे दूर कोठे जाते फिरत असल्यासारखी घरघर उमटते. ज्याने ती वर्षभरात दहा वेळा ऐकली त्यास ती दोन ठोक्यांत सापडते. ज्याने ऐकली नाही त्यास अर्ध्या तासातही सापडत नाही.

अशा वेळी कधी कधी रुग्णच हात देतो. परीक्षेसाठी वर्षानुवर्षे बोलावल्या जाणाऱ्या या बायांनी कित्येक तुकड्या येताना-जाताना पाहिलेल्या असतात. घामाघूम झालेला मुलगा स्टेथोस्कोप छातीच्या मध्यावर ठेवून डोळे मिटून उभा असतो. परीक्षक दुसऱ्या खाटेपाशी असतात. खाटेवरील मावशी एकदा त्यांच्याकडे, एकदा मुलाच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि हळूच विचारतात, ‘आता डाव्या कुशीवर वळू का, बाळ?’