जमतं काय, अडतं कुठे?

स्मृतिभ्रंशाची तपासणी म्हणजे ‘आज वार कोणता, पंतप्रधान कोण’ असे प्रश्न, एवढंच अनेकांना ठाऊक असतं. व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणून मी आणखीही विचारते. गोळ्या आठवणीनं घेतल्या जातात का? भाजी आणल्यावर सुट्या पैशांचा हिशेब लागतो का? आजार कुठवर आला आहे, ते अशा रोजच्या कामांतून कळतं.

या कामांचे दोन गट आहेत. आंघोळ, कपडे, जेवण, शौच ही शरीराची कामं. त्यांची मोजपट्टी अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडली. फोन, खरेदी, स्वयंपाक, औषधं, पैशांचे व्यवहार ही अधिक गुंतागुंतीची कामं. त्यांची मोजपट्टी लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये दिली. स्मृतिभ्रंशात सहसा हा दुसरा गट आधी ढासळतो. म्हणून विजेचं बिल दोनदा भरलं जाऊ लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

मात्र या याद्या आपल्याकडे जशाच्या तशा चालत नाहीत. ज्या आजोबांनी जन्मात चूल पेटवली नाही, त्यांना स्वयंपाक येत नाही हा काही आजार नव्हे. म्हणूनच हरियाणातील बल्लभगढ भागातल्या निरक्षर वृद्धांचा विचार करून तयार केलेली भारतीय मोजपट्टी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तुलना करायची ती शेजाऱ्याशी नव्हे, त्याच माणसाच्या पूर्वीच्या सवयींशी.

आजी म्हणतात, ‘मला सगळं येतं.’ थकलेली सून म्हणते, ‘काहीच येत नाही.’ दोघींचं ऐकून घेऊन मी आजींना त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा करायला सांगते. पाणी, साखर, चहापूड इथवर हात बरोबर चालतो. गॅस बंद करायचं तेवढं राहून जातं. मग आजींचा चहाच कशाला बंद करायचा? गॅसपाशी कुणी उभं राहिलं, तरी पुरे. हातातून काढून घेतलेलं काम पुन्हा हाती येणं कठीण असतं.

घरी एक वही ठेवा. प्रत्येक कामापुढे लिहा : स्वतः करतात, आठवण दिल्यावर करतात, की हात लावावा लागतो. दर महिन्याला नोंद करा आणि वही डॉक्टरांना दाखवा. चार दिवसांत एकाएकी घसरण दिसली, तर महिना संपण्याची वाट पाहू नका. त्यामागे जंतुसंसर्ग किंवा नवं औषधही असू शकतं, आणि त्यावर इलाज असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)