हौसेची मोटार आणि हाताशी असावे असे अग्निशमन यंत्र
(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त सेलू, जि. वर्धा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



१४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबई बंदराच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि त्यांच्या जोडीला कापसाच्या हजारो गाठी होत्या. दुपारी धूर दिसला. चारच्या सुमारास पहिला प्रचंड स्फोट झाला. आग विझविण्यासाठी धावून गेलेले ६६ अग्निशामक जवान कर्तव्यावर असताना कामी आले. कापसाची आग आतल्या आत कशी धुमसते, हे कापूस पिकविणाऱ्या वर्धा जिल्ह्याला वेगळे सांगावयास नको. त्या दुर्घटनेपासून घ्यावयाचा बोध एवढाच की, आग लहान असते तोवरच ती माणसाच्या आटोक्यात असते.

आजचा विषय त्या मानाने लहान आहे. आपल्या भागात अनेकांनी जुनी जीप, जुनी अ‍ॅम्बेसेडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी हौसेने जतन केली आहे. सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन बोर धरणाकडे जाणारी अशी एखादी मोटार आपण पाहिली असेल. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी केंद्र शासनाने २०२१ साली स्वतंत्र नोंदणीची सोय केली, यावरून या छंदाला मिळालेली मान्यता दिसून येते. अशा मोटारीवर धनी हजारो रुपये खर्च करतो. परंतु तीत अग्निशमन यंत्र कोणते ठेवावे, याचा विचार क्वचितच होतो.

जुन्या मोटारीला धोका अधिक का?

पेट्रोल वाहून नेणाऱ्या रबरी नळ्या कालांतराने कडक होतात व त्यांना चिरा पडतात. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. कार्बोरेटर भरून वाहिला की पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर पडते. अनेक जुन्या गाड्यांत फ्यूजची व्यवस्था अपुरी असते. त्यात वेळोवेळी जोडलेले दिवे, हॉर्न व पंखे यांच्या तारांची भर पडते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर उंदीर तारा कुरतडतात आणि इंजिनाजवळ काडीकचऱ्याची घरटी करतात. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर गाडी उभी केली, तर तापलेला सायलेन्सरच ठिणगीचे काम करतो. म्हणून अग्निशमन यंत्राचा पहिला सोबती म्हणजे नवी नळी, योग्य फ्यूज आणि बॅटरीची तार चटकन सोडविता येईल असा खटका होय.

आगीचा प्रकार ओळखावा

लाकूड, कापड, कापूस यांची आग ‘ए’ वर्गात, पेट्रोल-डिझेल-तेलाची ‘बी’ वर्गात आणि स्वयंपाकाचा गॅस किंवा सीएनजी यांची ‘सी’ वर्गात मोडते. मोटारीत हे तिन्ही प्रकार संभवतात. विजेच्या तारा तर सर्वत्र असतात. त्यामुळे केवळ पाण्याचे यंत्र येथे कामाचे नाही. पेटत्या पेट्रोलवर पाणी ओतले तर पेट्रोल पाण्यावर तरंगून आग अधिकच पसरते.

बाजारात मुख्यत्वे तीन पर्याय आहेत. पहिला, कोरड्या रासायनिक पुडीचे यंत्र. ‘एबीसी’ असे लिहिलेली पूड तिन्ही वर्गांच्या आगीवर चालते. ते स्वस्त असते, सर्वत्र मिळते आणि आकाराच्या मानाने त्याची ताकद मोठी असते. त्याचा दोष असा की, ही अमोनियम फॉस्फेटची पूड दमट हवेत धातू खाते. कार्बोरेटरच्या अ‍ॅल्युमिनिअमला आणि विजेच्या जोडांना ती घातक ठरते, म्हणून आग विझताच ती लवकरात लवकर पूर्णपणे साफ करावी लागते. नुसत्या ‘बीसी’ पुडीपासून गंज कमी चढतो, परंतु पेटलेल्या गादीवर किंवा कापडावर तिचा भरवसा धरता येत नाही.

दुसरा पर्याय कार्बन डाय ऑक्साइडचा. तो मागे काहीच ठेवत नाही. परंतु त्याचे नळकांडे जाड पोलादाचे व जड असते आणि उघड्यावर वारा असेल तर वायू उडून जातो. तिसरा पर्याय बाजारात ‘क्लीन एजंट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वायूचा. तोही अवशेष ठेवत नाही व इंजिनाची हानी करीत नाही. मात्र त्याची किंमत पुडीच्या यंत्राच्या कितीतरी पट असते. पूर्वी या कामी हॅलॉन वापरीत. ओझोनच्या थराला तो अपायकारक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगभर त्याचे उत्पादन बंद करण्यात आले. जुने हॅलॉनचे नळकांडे कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नये.

मग निवड कशी करावी? मला वाटते, सर्वसाधारण हौशी माणसाने ‘एबीसी’ पुडीचेच यंत्र घ्यावे. शक्य असल्यास एक किलोऐवजी दोन किलोचे घ्यावे. एक किलोचे यंत्र साधारण आठ-दहा सेकंदांत रिकामे होते, हे ध्यानात ठेवावे. मोटार फार मोलाची असेल आणि खर्च परवडत असेल, तर क्लीन एजंट पुढे ठेवावा आणि पुडीचे यंत्र जोडीला असू द्यावे. रंग आणि इंजिन पुन्हा करता येतात. माणूस पुन्हा आणता येत नाही. घेताना आयएसआय चिन्ह, आयएस १५६८३ हा मानक क्रमांक, भरल्याची तारीख आणि दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, हे पाहावे.

जागा आणि देखभाल

यंत्र डिकीत ठेवणे म्हणजे विहीर शेतात आणि दोर घरी ठेवण्यासारखे आहे. चालकाला आसनावरून हात पोचेल अशा ठिकाणी ते धातूच्या पट्टीने घट्ट बसवावे. सुटे राहिल्यास ते घरंगळून ब्रेकच्या पायाखाली जाण्याचा धोका असतो. वैशाखातील उन्हात बंद मोटार भट्टीसारखी तापते, म्हणून ते काचेजवळ ठेवू नये. खडबडीत रस्त्यावरील हादऱ्यांनी पूड तळाशी दडपून बसते. महिन्यातून एकदा नळकांडे उलटे करून हलवावे आणि काटा पाहावा. एकदा खीळ काढून थोडेसे जरी वापरले, तरी ते परवानाधारक संस्थेकडून पुन्हा भरून घ्यावे.

प्रसंग आला तर

प्रथम इंजिन बंद करावे आणि सर्वांना उतरवून दूर न्यावे. बॉनेट एकदम उघडू नये. आत हवा शिरताच भडका उडतो. खटका सोडून मिळालेल्या फटीतून मारा करावा. वाऱ्याकडे पाठ करून, खीळ ओढून, नळीचे तोंड ज्वाळांच्या शेंड्याकडे नव्हे तर बुडाशी धरून दोन्ही बाजूंना फिरवावे. यंत्र रिकामे झाले आणि आग उरली, तर तेथे क्षणभरही थांबू नये. १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे.

या साधनाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजानजीक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. अशा आगीपुढे लहान नळकांडे काहीच करू शकत नाही. तेथे बाहेर पडण्याची वाटच प्राण वाचविते. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बॅटरीने पेट घेतला, तरीही दूर जाणे हेच शहाणपणाचे.

हौशी मोटारीला जे लागू, ते गावातील इतर वाहनांनाही थोड्याफार फरकाने लागू आहे. कापसाने भरलेल्या ट्रॉलीवर पूड वरची ज्वाळा मारते, पण आतला विस्तव थंड करीत नाही. तेथे पाण्याचा पिंपही सोबत हवा. शिक्षक बंधू-भगिनींनी शाळेच्या बसमधील यंत्राचा काटा आजच पाहावा आणि ते चालविता येते का, हे चालकास विचारावे. ग्रामपंचायतींनी मुदत संपत आलेली नळकांडी फेकून न देता, भरण्यास पाठविण्यापूर्वी गावकऱ्यांना एखाद्या मोकळ्या जागी त्यांचा सराव द्यावा. यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. एक तास आणि थोडी आस्था पुरेशी आहे.

तपासणीच्या दिवशी दाखविण्यापुरते घेतलेले यंत्र आणि वापरता येणारे यंत्र यांत फार अंतर आहे. सेलू तालुक्यातील प्रत्येक वाहनधारकाने हे अंतर मिटवावे, एवढी विनंती.