ढोल आपला, तर खर्चही आपला

(भोर व वेल्हे भागातील ढोल-लेझीम पथकांच्या तरुणांपुढे केलेले भाषण)



भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी. धरणे आपल्या दोन तालुक्यांत, पाणी जाते खाली. पाण्यामागोमाग पोरेही खाली जातात, कोणी पुण्याला, कोणी मुंबईला. गणपती आले की आपला ढोलही खाली जातो. तो विकत कसा जातो, एवढेच आज बोलायचे आहे.

एके काळी पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत ढोल म्हटला की मुळशी, मावळ, भोर, वेल्ह्याची माणसे आठवत. पुढे आप्पासाहेब पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीच्या मुलांच्या हाती ढोल दिले आणि हळूहळू शहरातच शेकडोंची पथके उभी राहिली. त्यात मुलीही आल्या. चांगले झाले. पण हिशेब पाहा. शहरातला वादक हौसेने वाजवतो. आपला पोरगा कंपनीची हजेरी बुडवून किंवा मजुरी सोडून वाजवतो. सुपारी ठरवताना मात्र दोघांचा भाव एकाच तराजूत तोलला जातो.

शिवाय सुपारी ही पावसासारखी बेभरवशाची. 2020 आणि 2021 या दोन वर्षी करोनामुळे पुण्यात विसर्जन मिरवणुका निघाल्याच नाहीत. 2024 साली 30 ऑगस्टला राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात 30 पेक्षा जास्त माणसे नकोत, असा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने 12 सप्टेंबरला त्याला स्थगिती दिली, तेव्हा अनंत चतुर्दशी अवघी पाच दिवसांवर होती. आवाजाचा त्रास होतो, हे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. पण वर्षाची सगळी कमाई ज्या दहा दिवसांवर, ते दहा दिवस आपल्या हातात नाहीत.

मग पाने फाटली, दोऱ्या कुजल्या, टेम्पोचे भाडे थकले की पथक कोणाच्या दारात जाते? पुढाऱ्याच्या. तो पैसे देतो, ढोलावर त्याचे नाव येते आणि निवडणुकीत पोरे त्याच्या गाडीपुढे वाजवतात. ज्याचा पैसा त्याचा ताल. म्हणून माझे म्हणणे असे, की पथकाला वर्गणी नको, धंदा हवा. आणि तो आपल्या खाचरातलाच हवा.

पहिला धंदा, आवणीचा. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातलागवड तुम्ही ऐकली आहे. भाताच्या तुसाची राख, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या, ही ती चार सूत्रे. खुणांच्या दोरीवर 25 आणि 15 सेंटिमीटर असे आलटून पालटून रोप लावायचे आणि चार चुडांच्या मधोमध एक गोळी खोचायची. गुंठ्याला 625 गोळ्या लागतात. शेतकऱ्याला पद्धत पटते, पण दोरी धरायला शिस्तीची माणसे मिळत नाहीत. शिस्त म्हणजे काय, हे ढोलाच्या पोरांना मी शिकवायला नको! पथकाने आवणीचे काम अंगावर घ्यावे. ज्याची त्याची मजुरी त्याला पुरी द्यावी आणि ठेक्याच्या रुपयातले दहा पैसे पथकाच्या खात्यात टाकावेत. गोळ्या शेतकऱ्याने परवानाधारक दुकानातून आणाव्यात. खतविक्रीच्या भानगडीत पथकाने पडू नये.

एक अट मात्र आहे. आवणी आजवर बायांच्या कंबरेवर उभी आहे. पोरे उतरली म्हणून बायांची मजुरी तुटता कामा नये. टोळीत बाया घ्या आणि दाम सारखा द्या.

दुसरा धंदा, तांदळाचा. इंद्रायणी हे वाण आपल्या शेजारच्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातले. पुण्यात ते नाव सांगून विकले जाते. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये होता. समजा, पथकाने त्याच भावाने इंद्रायणी घेतले. क्विंटलला 60 किलो तांदूळ पडला आणि तो किलोला 60 रुपयांनी गेला, तर 3600 रुपये आले. भात भरडणे, पिशव्या, वाहतूक यांचे 431 धरा. मागे 800 राहिले. त्यातले 400 शेतकऱ्याला वाढीव द्या, 400 पथकाला ठेवा. 50 क्विंटलला पथकाचे 20 हजार झाले. हे आकडे मी धरलेले आहेत. तुम्ही आपल्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा, पण मांडल्याशिवाय धंद्याला हात घालू नका.

गिऱ्हाईक कुठे शोधायचे? ज्या मंडळापुढे तुम्ही वाजवता, त्याच मंडळाचे कार्यकर्ते. गणपतीत ऑर्डर लिहून घ्यायची, झोडणी झाली की दिवाळीनंतर तांदूळ पोचवायचा. वेळापत्रकही जमते. आषाढात आवणी, मग सराव, भाद्रपदात मिरवणूक, त्यानंतर कापणी.

आता शिस्तीचे चार शब्द. बँकेत पथकाच्या नावे खाते, दोघांच्या सह्या, त्यातली एक मुलीची. सुपारीचा आणि धंद्याचा हिशेब वेगळा, आणि दोन्ही हिशेब ग्रामसभेत वाचायचे. धंद्याच्या पैशातून आधी ढोलाची दुरुस्ती. पुढच्या वर्षीचे भांडवल बाजूला ठेवल्याशिवाय नवे कपडे, फेटे शिवायचे नाहीत.

हे केले म्हणजे पथक श्रीमंत होईल, असे मी म्हणत नाही. पण सुपारी घेऊन आलेल्या माणसाला, भाव परवडत नाही, असे सांगण्याची ताकद येईल. पुढाऱ्याच्या गाडीपुढे वाजवायचे की नाही, हे पोरे स्वतः ठरवतील. शेतमालाच्या भावासाठी आपण हेच तर मागतो: नाही म्हणण्याची ताकद. ती पोरांना ढोलावर आधी शिकू द्या.

आवणीला अजून अवकाश आहे. प्रत्येक पथकाने आपल्या गावातली दहा खाचरे आणि वीस गिऱ्हाइके लिहून पुढच्या बैठकीला आणावीत. त्या यादीवरच आपण पुढे बोलू.